दाब 17 आला, मग पुन्हा तपासणी कशाला?

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चष्म्याच्या दुकानात डोळ्यावर फुंकर मारणाऱ्या मशिनवर डोळ्याच्या आतला दाब 17 आला, तरी दवाखान्यात तो पुन्हा मोजला, वर बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून बसवून ठेवलं. हा बिल फुगवायचा उद्योग आहे आणि माझे लेख त्याला हातभार लावतात, असं तुम्ही लिहिलंय.

त्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं, स्कूटर आणू नका, हे तुम्हाला आधी सांगायलाच हवं होतं. त्याबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. चूक माझीही झाली. नॉर्मल दाब ‘साधारण 10 ते 21’ एवढंच लिहून मी थांबले, त्यामुळे 17 म्हणजे निर्धास्त असं कुणालाही वाटेल.

पण तपासणी वायफळ नव्हती. फुंकरीचं मशिन प्राथमिक चाळणीला चांगलं. दवाखान्यात निळ्या दिव्यात डोळ्याला टेकवतात तो गोल्डमनचा टोनोमीटर. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा 3.06 मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट व्हायला किती जोर लागतो, त्यावरून तो दाब सांगतो. स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून, मला दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, पेशंटच्या नाडीबरोबर ती किंचित हलतात. चकती फिरवत त्यांच्या आतल्या कडा जुळवायच्या आणि आकडा वाचायचा. रोज करते, तरी श्वास रोखला जातोच. आणि हा पारदर्शक पडदा पातळ असेल तर इथेही आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

शिवाय दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होते, म्हणून ती नस प्रत्यक्ष बघावी लागते, आणि ती नीट दिसावी म्हणून बाहुल्या मोठ्या करायचे ते थेंब. बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला प्रकाश आला त्याच वाटेनं परततो आणि त्या वाटेत बघणाऱ्याचं डोकं आलं की उजेडच अडतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं काचेच्या तिरक्या पट्ट्यांवरून प्रकाश आत सोडला आणि त्याच पट्ट्यांतून आरपार पाहिलं. डोळ्याच्या आत बघायच्या या उपकरणावरचं, म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोपवरचं, त्याचं पुस्तक 1851 सालचं. त्याआधी जिवंत माणसाची ही नस डॉक्टरांना नीट बघताच येत नव्हती.

आता तुम्ही शेवटी सहज लिहिलेलं वाक्य: ‘कागदावर उजवा 0.4, डावा 0.7 असं काहीतरी खरडलंय.’ काका, डोळ्याच्या आत नसेचं जे गोल टोक दिसतं, त्याच्या मानानं मधला खळगा केवढा, याचा तो आकडा आहे. दोन डोळ्यांत 0.2 पेक्षा जास्त फरक दिसला की काचबिंदूची शंका घेतात. तेवढ्यावरून निदान होत नाही, पण म्हणूनच तुम्हाला फील्ड टेस्टला, म्हणजे नजरेचा आवाका तपासायला, बोलावलंय. तुम्ही रद्द केलेली ती तारीख कृपा करून पुन्हा घ्या, याच आठवड्यात.