पेटी परत कोण भरतं?

आमच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच चर्वितचर्वण चाललंय. कुठल्याशा शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पैशातून उभारलेल्या प्रयोगशाळेचं, अनुदान संपलं आणि लॅबला कुलूप लागलं. त्यावर ठरलेला शेरा: "आपल्याकडे हे असंच. तिकडे बघा, चौथीतली पोरंसुद्धा प्रयोग करतात."

तिकडे म्हणजे अमेरिकेत, मी राहतो तिथे. सहा वर्षं झाली, दर ऑगस्टला मी इथल्या शाळांच्या डिस्ट्रिक्टच्या गोदामात फॉसच्या, म्हणजे वर्गात करायच्या विज्ञान-प्रयोगांच्या, पेट्या परत भरायला जातो. सेल तपासायचे, वायरींचा गुंता सोडवायचा, बिया नव्या घालायच्या. पूर्वी याला पगारी माणूस होता. ग्रँट संपली, तो गेला, आम्ही पालक आलो. गेल्या वर्षी तीन पेट्या सीलसुद्धा न फोडता परत आल्या. तिसरीच्या बाई म्हणाल्या, वाचन-गणितातून वेळ कुठे मिळतो? खरंच आहे. इथल्या २००२च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यानं तिसरी ते आठवी या दोन विषयांची परीक्षा दरवर्षी लावली. विज्ञानाची तिसरी ते पाचवीत मिळून एकदा.

आणि त्याच २००२मध्ये मध्य प्रदेश सरकारनं होशंगाबाद विज्ञान हा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवणारा कार्यक्रम बंद केला, हे ग्रुपवर कुणाला आठवतही नाही. १९७२मध्ये १६ शाळांत सुरू झालेला तो कार्यक्रम तीस वर्षं टिकला. फक्त किटवर नाही टिकला. शिक्षकांच्या मासिक बैठका व्हायच्या, परीक्षा पुस्तक उघडं ठेवून व्हायची, मुलांच्या पत्रांना 'सवालीराम' उत्तरं द्यायचा. प्रयोगातून शिकवा म्हणायचं आणि परीक्षा पाठांतराची घ्यायची, हा दुटप्पीपणा तिथे नव्हता. इतकं घरात असताना माझ्या गोदामाचे गोडवे कशाला?

अटलच्या २० लाखांत १० लाख उभारणीला होते आणि १० लाख पाच वर्षांपर्यंत चालवायला. म्हणजे चालवायचा विचार झाला होता. सहाव्या वर्षीचा सोल्डर कोणाच्या खर्चात, तेवढं राहिलं.

हे सगळं मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं. शेवटी "मी तरी स्वतः पेट्या भरतो" असंही जोडलं. (नको होतं.)

रात्री एका वर्गमैत्रिणीचा वेगळा मेसेज आला. ती आता आमच्याच शाळेत शिकवते. मी २०१९मध्ये तिथे विजेच्या प्रयोगांची पेटी दिली होती, झाकणावर माझ्या नावाची पट्टी लावून. त्या पेटीचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. "अरे, त्यातले सेल दुसऱ्याच वर्षी संपले," तिनं लिहिलं होतं. "तुला कसं सांगणार? तू पाहुणा."

पाहुणा! दहावीपर्यंत त्याच बाकांवर बसलो मी. रागानं बरंच टाइप केलं आणि पुसलं. इथे दर ऑगस्टला सेल मोजतो. तिकडचे संपले असतील, हे पाच वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

मग एवढंच विचारलं: "कुठले लागतात? मोठे की पेन्सिलचे?"