पन्नाशीत मोकळे झालात? मग ऐका

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर झाला, शाल-श्रीफळ झालं, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. (ज्याला आता वेळ बघायची गरज नाही त्यालाच घड्याळ द्यायची प्रथा कोणी पाडली, आपल्या बेळगावच्या कपिलेश्वराला ठाऊक.) आता धोका एकच, मोकळा वेळ. तीस वर्षं त्याच्यासाठी जीव टाकलात, पण तो खरोखर हाती लागला तर तुमचं काही खरं नाही. म्हणून वेळीच खबरदारी घ्या.

आधी एक लक्षात असू द्या, लवकर निवृत्त होणं हा पुण्यातल्या आयटीवाल्या भाच्याने लावलेला शोध नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याच गावात आहे. 2022 च्या अग्निपथ योजनेआधी शिपाई म्हणून भरती झालेला आपल्याकडचा पोरगा चाळिशीच्या आसपास पेन्शन घेऊन गावी येतो आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीत, सोसायटीत, देवळाच्या जीर्णोद्धार कमिटीत कामाला लागतो. त्याला कोणी आर्थिक स्वातंत्र्याचं व्याख्यान देत नाही. तुम्हाला मात्र भाचा देणार. वर्षाच्या खर्चाच्या 25 पट साठवायचे आणि दरवर्षी त्यातले 4 टक्के काढायचे, एवढं सोपं. हिशेब अमेरिकेतल्या बाजाराचा आहे, तिकडे ठीक असेल. त्यात आहेराचा रकाना नाही. नोकरीत होता तेव्हा ‘रजा नाही मिळाली’ म्हणून निम्मी लग्नं बुडवता येत होती. आता चंदगडपासून निपाणीपर्यंतचं प्रत्येक बारसं, वास्तुशांत आणि साठीशांत तुमची. शिवाय रिकाम्या हाताने जायचं नाही, कुंद्याच्या मिठाईचा डबा धरायचा. 4 टक्के दिवाळीपर्यंत टिकले तर कळवा.

सकाळी व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत फिरायला जा. फिरणं म्हणजे पहिला बाक येईपर्यंत चालणं. तिथे बीएसएनएलचा एखादा गृहस्थ भेटेलच. 31 जानेवारी 2020 ला देशभरातले 78 हजारांवर कर्मचारी एकाच दिवशी त्या खात्यातून स्वेच्छेने बाहेर पडले. बाहेर पडले असं आपलं म्हणायचं. शेजारीण अजून त्याला गेटात अडवते, ‘‘काका, तुम्ही टेलिफोनात होता नव्हे? आमचं वायफाय सकाळपासून येईना बघा.’’ तो बिचारा तारा जोडणारा, वायफायचं त्याला काय कळणार? पण जातो. तुम्हीही जा. बँकेतले असाल तर अख्ख्या गल्लीचे अर्ज भरा, मास्तर असाल तर दहावीची पोरं फुकट शिकवा. कोणी ‘‘मोकळाच हाईस नव्हे, तेवढं जाऊन ये की’’ म्हणालं की चपला घाला. वाक्य पूर्ण होईपर्यंतसुद्धा थांबू नका.

त्यातूनही दुपार उरली तर रस्त्यावर उभे राहा. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत बेळगाव आलं, तेव्हापासून आपल्या गावात बघण्यासारखं खूप काही खणून ठेवलं गेलं. जेसीबीशेजारी हात पाठीमागे बांधून उभं राहणं हे पूर्णवेळ काम आहे. मधूनच मोडक्या कन्नडात मुकादमाला दोन सूचना करायच्या. तो मान डोलावतो आणि होतं तसंच चालू ठेवतो. नोकरीत साहेबही हेच करत होता, म्हणून परकं वाटत नाही. पावसाळ्यात काम बंद पडलं तर गावाला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाचं पाणी किती चढलं याची रोज चौकशी करा. चौकशीने ते चढत नाही, पण पेपरवाल्याच्या आधी सांगायचा मान मिळतो.

जरा जास्त पैसे मिळाले असतील तर खानापूर तालुक्यात जमीन घ्या. 2020 मध्ये कर्नाटकाने कायदा बदलला, आता शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. म्हणजे शेतीतलं काही कळत नसलं तरी हरकत नाही. जांबोटीकडे दोन एकर बघा, काजू लावा, एक लहानसं घर बांधा, ओसरीवर झोपाळा टांगा. झोपाळ्यावर बसायला मिळणार नाही, तो फोटोसाठी. सोमवारी उताऱ्यावर नाव चढवायला खानापूर, मंगळवारी त्या उताऱ्यातलं कन्नड वाचून दाखवणारा माणूस शोधायला पुन्हा खानापूर, बुधवारी पंपाची मोटार जळाली, गुरुवारी गडी आला नाही, शुक्रवारी गवे आले. गवे मात्र नेमाचे, एकही रात्र चुकवत नाहीत. भीमगडचं जंगल जवळच आहे आणि तुमचं कुंपण त्यांना विचारून घातलेलं नाही. भाचा याला पॅसिव्ह इन्कम म्हणतो, म्हणजे बसल्या जागी मिळणारं उत्पन्न.

आणि समजा, शेती नको, आहेर नको, खड्डेही बघून झाले, तर सीमाप्रश्न आहेच. 1956 पासून सुरू आहे, 1967 ला महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. एवढा पुरवठा दुसऱ्या कुठल्या छंदात नाही. (हसू नका. या प्रश्नासाठी लाठ्या खाल्लेली माणसं जवळपास प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांच्याविषयी हे नाही. हे बाकावर बसून वकिलाला मुद्दे सुचवणाऱ्या आपल्याविषयी आहे.) नोव्हेंबर तर ऐन हंगाम. 1 तारखेला काळ्या दिनाची सायकल फेरी, मग गुडघ्याला तेल, मग हयातीचा दाखला. सबंध फेरीत घोषणा देऊन आलात तरी बँकेतलं यंत्र तुमचा अंगठा ओळखत नाही आणि तुम्ही जिवंत असल्याचं मान्य करत नाही. घरी सांगा, मोठं काम निघालंय.

घरी बायको काय करते ते मात्र बघू नका. तिच्या डब्यांना क्रमाने लेबलं लावायचा विचार मनात आला असेल तर गपचूप जेसीबीकडे परत जा.

एवढं सगळं करूनही एखादा खवट पाहुणा विचारणारच, ‘‘मग, सगळा दिवस काय करूलास?’’ त्याला गाडीवर बसवा आणि हलग्याकडे न्या. हायवेलगत सुवर्ण विधानसौध आहे. 2012 साली राष्ट्रपतींनी उद्‌घाटन केलं. आमदार हिवाळी अधिवेशनाला वर्षातून दोनेक आठवडे येतात, बाकी वर्षभर एवढ्या मोठ्या इमारतीच्या मानाने काम बेताचंच. काही सरकारी कार्यालयं तिथे नेली म्हणा. तरी राखण, दिवे, बागेला पाणी, सगळं बारा महिने. पाहुण्याला म्हणावं, आधी याला विचार, मग माझ्याकडे ये. परत येताना त्याच्याच पैशाने चहा प्या.