त्यांना सलोख्याचं प्रतीक म्हणू नका

मंगळवारी पहाटे आमचे पाद्री गेले. 91 वर्षांचे होते. घांट वाजली ती रोजच्यासारखी नव्हे, थांबून थांबून. आई अंथरुणातूनच म्हणाली, "पाद्री बाब गेले." कुणी सांगायला यायच्या आधीच.

बुधवारी सकाळी वळणावर बॅनर लागला. ‘सर्वधर्मसमभावाचे प्रतीक हरपले.’ खाली नेत्याचा फोटो, पाद्रींच्या फोटोपेक्षा मोठा. दुपारपर्यंत तेच वाक्य आमच्या चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरून आलं, आणि सगळीकडे सोबत एकच फोटो: माटोळीखाली (फळं-पानं बांधलेल्या छताखाली) आमचा गणपती, समोर पांढऱ्या झग्यातले पाद्री, हात जोडलेले. ‘हाच आमचा गोवा’ वगैरे.

तो फोटो मी काढलेला आहे. 1998 ची चतुर्थी. म्हणून सांगते, हात जोडले होते ते गणपतीला नव्हे, माझ्या वडिलांना. वडील पाऊण तास मराठीवर बोलत होते. पाद्री उठले, हात जोडले आणि म्हणाले, "पुरे मास्तर, आतां पुरे!" तेवढ्यात मी बटण दाबलं.

नाव मुद्दाम लिहीत नाही. फेसबुकवर आपलं नाव आलेलं त्यांना खपत नसे, आणि गावच्यांना सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच, की ते एका मिशनरी संघाचे होते, 1978 पासून आमच्या गावातल्या संघाच्या घरात राहत, आणि कित्येक वर्षं त्या घराचे प्रमुखही होते. आमचं घर त्या घराच्या कुंपणाला लागून.

वडील मराठी शाळेत मास्तर. कडवे मगोवाले, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात ते फुलासाठी, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी, सायकलवरून गावोगाव हिंडलेले. पाद्री तेव्हा बत्तिशीचे, दोन पानांच्या, म्हणजे गोवा वेगळा ठेवण्याच्या, बाजूने तितकेच हिंडलेले, फक्त पायी. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे: दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. आमच्या घरात मात्र ही बेरीज-वजाबाकी देवाच्या आरतीसारखी पाठ होती, कारण वडील कुठल्याही वादात वरचढ व्हायला लागले की पाद्री शांतपणे विचारायचे, "कितलीं मतां, मास्तर?" आणि वडील दात-ओठ खात म्हणायचे, "चौतीस हजार एकवीस." भाजीच्या भावावरून वाद असला तरी हेच.

या दोघांमधल्या नात्याला सलोखा म्हणणं म्हणजे तिखट हुमणाला (माशाच्या आमटीला) सूप म्हणण्यासारखं आहे.

भांडणाचं मुख्य हत्यार होतं ‘ख्रिस्तपुराण’. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला, इथेच राहिला, आणि त्याने येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली. 1616 मध्ये राशोलला छापली. जवळजवळ 11,000 ओव्या. त्यात मराठीची स्तुती आहे, फुलांत जशी मोगरी तशी भाषांत मराठी, या अर्थाची. आमच्या शाळेत ती ओवी फळ्यावर कायम. वडिलांचं म्हणणं, गोव्यातल्या पहिल्या मोठ्या ख्रिस्ती काव्याला जी भाषा चालली ती तुम्हाला का चालत नाही? पाद्रींचं उत्तर ठरलेलं. त्याच स्टीफन्सने लहान मुलांना धर्म शिकवायला दोत्रीन लिहिली ती कोंकणीत, आणि व्याकरण लिहिलं तेही कोंकणीचंच. पहिली 1622 मध्ये, दुसरं 1640 मध्ये छापलं गेलं, दोन्ही तो वारल्यावर. "मास्तर, पुराण सणाक, दोत्रीन सदांक." आणि वर, ते पुराणही छापलंय रोमी (रोमन) अक्षरांत. "भास तुमची, लिपी आमची. अर्धें-अर्धें."

हे सगळं चालायचं कोंकणीतून. आम्ही घरात कोंकणीच बोलतो. वाचतो-लिहितो मराठी, ही पोस्टसुद्धा. पाद्री यावरूनही टोचायचे: "तुमी मराठीखातीर झगडटात, पूण झगडटात कोंकणींतल्यान." वडिलांना याचं उत्तर शेवटपर्यंत सापडलं नाही. मलाही सापडलेलं नाही, आणि आता ते शोधायची मला गरज वाटत नाही.

1684 मध्ये विसरेईने (पोर्तुगीज व्हाइसरॉयने) फर्मान काढलं की तीन वर्षांत इथल्या लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. हा विषय निघाला की दोघांचं एकमत व्हायचं. आणि एकमत झालं की दोघांनाही करमायचं नाही, चहा लवकर संपायचा.

फेब्रुवारी 1987 मध्ये राजभाषा कायदा झाला तो दिवस मला आठवतो. मी कॉलेजात होते. कोंकणी राजभाषा झाली, देवनागरी लिपीतली. मराठीला सरकारी कामात वापरायची मुभा. वडील हरले होते. पाद्री जिंकले म्हणावं, तर त्यांनी आयुष्यभर लिहिलेली रोमी कोंकणी कायद्याच्या उंबरठ्याबाहेर राहिली होती. संध्याकाळी दोघे आमच्या पडवीत बसले होते. कोणीच मतं मोजली नाहीत. आईने पातोळ्यांची ताटली आणून ठेवली (मोसम नसताना हळदीची पानं कुठून मिळवली देव जाणे), ती तशीच राहिली.

पातोळ्यांवरून आठवलं. त्यांच्याकडे पातोळ्या 15 ऑगस्टला, सायबिणीच्या फेस्ताला (मेरीमातेच्या सणाला); आमच्याकडे नागपंचमीला. पीठ तेच, गूळ-खोबरं तेच, पान तेच. दोन्ही घरांतून ताटली कुंपणावरून जायची-यायची. यावरही एक सुंदर भावुक पोस्ट होईल, मला कळतंय. पण आई दर वर्षी त्यांच्या रांदप्याला (स्वयंपाक्याला) निरोप पाठवायची की गूळ कमी पडलाय, आणि तिकडून निरोप यायचा की तुमचं पान जून होतं.

आता दुसरी बाजू. बुधवारी रात्री त्याच फोटोखाली कुणीतरी लिहिलं, ‘एवढा समभाव होता तर इन्क्विझिशनबद्दल कधी बोलले का?’ नेहमीची टोळधाड. लिहिणारा आमच्या गावचा नव्हे. आमच्या गावचा असता तर त्याला ठाऊक असतं. पाद्री आपल्या मुलांना, म्हणजे संघात शिकायला आलेल्या ब्रदरना, जुन्या गोव्याला न्यायचे. सगळे जातात तसे सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी न्यायचेच, पण तिथून से कॅथेड्रलच्या पलीकडे, इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता त्या जागीही उभं करायचे. आता तिथे बघायला काही नाही. "म्हणूनच बघा," असं सांगायचे. 1560 ते 1812, मध्ये चार वर्षं बंद, तारखा पाठ करून घ्यायचे.

आणि एकदा वडिलांना स्कूटरवर मागे बसवून कुठ्ठाळीला घेऊन गेले. मंगेश आमचा कुलदेव. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी त्याला कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला नेला. वडील दर वर्षी मंगेशीला जायचे, पण जिथून देव निघाला ती जागा त्यांनी पाहिली नव्हती. परत आल्यावर कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, पाद्री तिथे उभे राहून म्हणाले, "तुमचे पूर्वज देव घेऊन गेले. आमचे जमीन धरून राहिले. दोगांयनी कितें तरी सोडलें." मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत या विषयावर. त्या स्कूटरवरच्या फेरीत जे झालं ते मला कुठे सापडलं नाही.

तर गुरुवारी अंत्यविधी होता. आई 84 वर्षांची, तिला घेऊन गेले.

खरं सांगायचं तर आम्ही हिंदू शेजारी अशा वेळी काय करतो? इगर्जीबाहेर (चर्चबाहेर) झाडाखाली उभे राहतो. चपला घालून, मोबाईल बघत, मीस (चर्चमधली प्रार्थना) संपायची वाट पाहत. पेटी बाहेर आली की चार पावलं मागून चालतो. मी इतकी वर्षं तेच केलंय. या वेळी आई सरळ आत गेली आणि तिसऱ्या बाकावर बसली, म्हणून मलाही जावं लागलं.

आत पेटी ठेवली होती, साध्या फळ्यांची, पॉलिशसुद्धा नाही. त्याचीही गोष्ट आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस वारले, तेव्हा आपल्याकडेही तीन दिवसांचा दुखवटा होता. 26 तारखेचा रोमचा अंत्यविधी संघाच्या घरात टीव्हीवर लावलेला, आईला मुद्दाम बोलावलं होतं. पूर्वी पोपना एकात एक अशा तीन पेट्यांत ठेवत. फ्रान्सिसने तो नियमच बदलून एकच साधी पेटी करायला लावली होती. थडग्यावरही नुसतं ‘फ्रान्सिस्कुस’. पाद्री खुर्चीतून म्हणाले, "मनीस एक, पेटयो तीन कित्याक?" आणि सुपीरियरकडे, म्हणजे घराच्या आताच्या प्रमुखांकडे, वळून, "माझी फणसाच्या फळ्यांची करा. घरचं झाड पडलंय गेल्या पावसात, वाळवी लागेल नाहीतर." सगळे हसले. सुपीरियर हसले नाहीत, त्यांनी फळ्या कापून ठेवून दिल्या.

पेटीवर एक काप (विधीच्या वेळी पाद्री पांघरतात ते वस्त्र) आणि उघडं बायबल. आणि मला एक गोष्ट पहिल्यांदाच कळली: इतरांची पेटी ठेवताना पाय वेदीकडे करतात, पाद्र्याचे मात्र लोकांकडे. जन्मभर लोकांकडे तोंड करून उभा राहिला, म्हणून शेवटीही तसाच. शेजारच्या बाईने कानात सांगितलं.

बॅनरवाल्या नेत्याचा हार आला तेव्हा त्यावर नावाची जरीची पट्टी होती. सुपीरियरनी तो घेतला, आभार मानले आणि पट्टी आतल्या बाजूला जाईल असा बाजूच्या खुर्चीवर ठेवला. फार सफाईने केलं. मी त्यांना मनातल्या मनात पूर्ण मार्क दिले.

सगळ्यात जास्त रडत होते ते कोवळे ब्रदर. झारखंडचे, अंदमानचे, एक ओडिशाचा. गोव्याची पोरं आता या वाटेला फारशी जात नाहीत. या मुलांना कोंकणी पाद्रींनी शिकवली. आणि कशी? देवनागरीची सवय व्हावी म्हणून रोज सकाळी आमच्याकडचा आदल्या दिवशीचा मराठी पेपर मागवून. "अक्षर शिका, भाषा शिकू नका," असं बजावून. साहजिकच पोरं दोन्ही शिकली. झारखंडचा तो मुलगा ‘सासणाचो विसव’ (मृतासाठीची चिरविश्रांतीची प्रार्थना) म्हणायला उभा राहिला. दोन ओळी नीट म्हटल्या, मग त्याच्या तोंडून शब्दच येईना. तेव्हा मागच्या बाकावरून रांदपी, ज्याने 22 वर्षं पाद्रींना पेज आणि काल्ची कोडी (आदल्या दिवशीची आटवलेली आमटी) वाढली, तो बसल्या जागी पुढचं म्हणू लागला. त्याचा सूर वाईट आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. कुणी त्याला थांबवलं नाही.

सिमितेरीत (दफनभूमीत) प्रत्येकाने मूठभर माती टाकली. आईनेही टाकली. परतताना गाडीत विचारते, "घरी जाऊन न्हायचं का गं?"

मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, आई, निदान आज तरी नको. त्यांना काय वाटेल?

"परका असता तर नुसते पाय धुतले असते," ती म्हणाली. "न्हायचं ते आपल्या माणसासाठी." आणि घरी जाऊन डोक्यावरून न्हाली, गार पाण्याने.

म्हणून माझा या ‘प्रतीक’ शब्दावर राग आहे. प्रतीकाशी कुणी भांडत नाही. प्रतीकाला पान जून असल्याचा निरोप पाठवत नाहीत. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला दर वर्षी तेलाच्या बाटल्यांचा तोच फोटो छापतात, लईराई देवी आणि ती बहिणी-बहिणी म्हणून, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणाला शेजारच्या घरात कोण आजारी आहे तेही माहीत नसतं. आम्हाला पाद्रींचं काय वाटायचं ते त्या बॅनरवर मावत नाही, कारण त्यात निम्मा राग आहे. माझ्या वडिलांना त्यांनी वर्षानुवर्षं छळलं. 2004 साली वडील गेले तेव्हाची गोष्ट. पाद्री बाराव्याला आले, पडवीत त्यांच्या नेहमीच्या जागी बसले, तासभर एक शब्द बोलले नाहीत. जाताना आईला एवढंच म्हणाले, "आतां मतां कोणाक विचारूं?"

शनिवारी तो झारखंडचा ब्रदर घरी आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. वडिलांची ‘ख्रिस्तपुराणा’ची प्रत, पुण्याला 1956 मध्ये छापलेली, देवनागरीतली. पाद्रींनी केव्हातरी वाचायला नेली होती आणि आम्ही ती हरवली असं धरून चाललो होतो. कसर लागलीय, शिवण सुटलीय. समासात सगळीकडे पेन्सिल: वडिलांचं टपोरं मराठी, आणि त्याखाली किंवा त्याच्यावर कुरघोडी करून पाद्रींचं बारीक, तिरकं रोमी. काही ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत उत्तरं-प्रत्युत्तरं. म्हणजे पुस्तक मधल्या काळात परत आलंही होतं आणि पुन्हा गेलंही होतं, आम्हाला न कळता.

मोगरीच्या ओवीपाशी वडिलांनी दोन रेघा ओढून लिहिलंय, "पाहा!!" त्याखाली इतकी वर्षं काही नव्हतं. आता आहे. निळ्या बॉलपेनने, हात थरथरत असताना लिहिलेलं, तिरक्या रोमी अक्षरांत: "पळयलें, मास्तर." पाहिलं, मास्तर.

पुस्तक बांधून घ्यायचंय. पणजीत जुनी पुस्तकं हाताने शिवणारं कुणी अजून असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, डिंक लावून चिकटवणारा नको. आणि म्हयन्याचं मीस (गेल्यावर महिन्याने होणारी प्रार्थना) पुढच्या महिन्यात, दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला. येणाऱ्यांनी गाड्या मागच्या मैदानात लावाव्यात, पुढचं गेट अरुंद आहे. झाडाखाली उभं राहू नका, आत या.