स्नोमॅन राहिला की!
गोल्फच्या शब्दांवरच्या त्या लेखात बर्डी, ईगल, अल्बाट्रॉस (ठरलेल्यापेक्षा कमी फटक्यांत होल संपवला की मिळणारी नावं) ही सगळी पाखरं आली पण खरी मजा तर बिघडलेल्या शॉट्सच्या नावांत आहे राव. एका होलला आठ फटके लागले की स्नोमॅन, का तर इंग्रजी आठचा आकडा बर्फाच्या बाहुल्यासारखाच दिसतो. बॉल बंकरच्या (मैदानातल्या खड्ड्याच्या) वाळूत अर्धा रुतला की फ्राइड एग, आणि जमिनीला घासत सुसाट गेला तर वर्म बर्नर, म्हणजे बिचारी गांडुळं भाजून निघाली 😂 सगळ्यात लबाड प्रकार मुलिगन, शॉट फसला की परत मारायचा आणि पहिला मोजायचाच नाही, नियमात याला अजिबात जागा नाही तरी दोस्तांच्या खेळात सर्रास चालतं, त्यात पहिल्याच टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर) घेतला तर ब्रेकफास्ट बॉल, चोरीला पण किती गोंडस नाव! सँडबॅगरचा मात्र राग येतो, मुद्दाम हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) जास्त दाखवायचा आणि बक्षीस न्यायचं. बाकी अमेरिकेतल्या ऑगस्टा गोल्फ कोर्सचं एमेन कॉर्नर (११, १२, १३ नंबरचे होल) हे नाव १९५८ मध्ये हर्बर्ट वॉरेन विंड या पत्रकाराने दिलं, तेही लेखात हवं होतं.