इलेक्ट्रिक छोटा हत्ती घ्यायचाय? आधी मीटर बघा

"किलोमीटरला रुपयाभर खर्च" एवढ्यावर भुलून इलेक्ट्रिक पिकअपसाठी कर्ज काढू नका. गाडी चांगलीच आहे. पण ती परवडणार की नाही, हे ती कुठल्या मीटरवर चार्ज होते आणि रोज किती पळते यावर ठरतं.

उदाहरणाला टाटा एस ईव्ही घ्या, म्हणजे इलेक्ट्रिक छोटा हत्ती. बॅटरी 21.3 युनिटची, कागदावर रेंज (एका चार्जमध्ये पळणारं अंतर) 154 किमी. माल भरून शहरात फिरताना 100 धरा. चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वीज वाया जाते, त्यामुळे मीटरवर जवळपास 24 युनिट पडतात. युनिट 10 रुपये धरलं तर किलोमीटरला 2.40 रुपये. सीएनजी 90 रुपये किलो आणि अ‍ॅव्हरेज 17 धरलं तर 5.30. म्हणजे किलोमीटरमागे 2.90 ची बचत. हीच गाडी रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर लावली आणि 18 टक्के जीएसटीसकट युनिट 20 ला पडलं, तर खर्च साडेचारच्या वर जातो. बचत जवळजवळ संपली.

घरच्या मीटरवर लावणाऱ्यांचं वेगळंच होतं. रोज 24 युनिट, 25 दिवस, म्हणजे 600 युनिट. महावितरणचा घरगुती दर स्लॅबने चढतो आणि 500 च्या पुढचा स्लॅब सगळ्यात महाग. घरच्या पंख्या-फ्रिजच्या बिलातही भर पडते ती वेगळीच. ईव्ही चार्जिंगचं स्वतंत्र कनेक्शन घ्या, त्याला स्लॅब नाहीत. टीओडी (वेळेनुसार बदलणारा वीजदर) लागू असेल तर संध्याकाळी पाच ते मध्यरात्र टाळा.

आता हप्ता. सीएनजीपेक्षा गाडी 3 लाखांनी महाग पडली, तर 11 टक्क्यांनी पाच वर्षांचा जादा हप्ता साधारण 6,500 येतो. तो नुसत्या इंधनातून भरून काढायला महिन्याला 2,240 किमी, म्हणजे रोज 90 पळायला हवं. रोजची 40 किमीची भाडी असतील तर माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. दूध, किराणा, कुरिअर अशी ठरलेली फेरी आणि रात्री हक्काची पार्किंग असेल, तर बिनधास्त घ्या. इलेक्ट्रिक मालवाहूला परमिट लागत नाही. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात 2022 पासून 15 टक्के सूटही आहे, मात्र गाडीची किंमत जास्त असल्याने ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता चढतो.

मेंटेनन्समध्ये इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट गेली. टायर मात्र लवकर घासतात, कारण टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) पहिल्या क्षणापासून मिळतो आणि ड्रायव्हर सिग्नलवरून गाडी उडवतात. अलाइनमेंट वेळेवर करा. ओव्हरलोडची सवय इथे थेट रेंजवर बसते, घाटात तर फारच.

सगळ्यात जास्त डोकेदुखी सॉकेटची. 3.3 किलोवॅट म्हणजे 14-15 अँपिअर, तेही सलग सात तास. साधा 16 अँपिअरचा सॉकेट आतून ढिला असेल तर काळा पडून वितळतो. 4 चौ. मिमी तांब्याची वायर, इंडस्ट्रियल सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (जादा करंटला वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर सुरूच होत नाही आणि लोक उगाच गाडीला दोष देतात.

या गाडीतली एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आठवड्यातून एकदा 100 टक्के भरा. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं. कायम अर्धवट चार्ज केली तर बीएमएसचा (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा) अंदाज चुकत जातो आणि डिस्प्लेवर 12 टक्के दिसत असताना गाडी रस्त्यात थांबते. मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नसेल, तर टो व्हॅन बोलवायच्या आधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी तपासा.