उपवास कळतो, गहू कळत नाही

कोल्हापुरातल्या कुठल्याही बऱ्या हॉटेलात जाऊन ‘उपवास आहे’ म्हणा. पुढचा प्रश्न येत नाही. खिचडी गरम आहे, वरीचा भात संपला, बटाट्याची भाजी कूट घालून करून देतो, असं सगळं वेटर उभ्या उभ्या सांगून मोकळा. भांडी वेगळी आहेत का विचारलं तर राग येत नाही, उलट ‘वहिनी, उपवासाचं सगळं वेगळंच असतंय’ म्हणून छाती पुढं. ‘जैन’ म्हणा, कांदा-लसूण-बटाटा गायब. आणि आता म्हणा, ‘मुलीला आजार आहे, गहू अजिबात चालत नाही.’

‘थोडं चालतंय की!’

माझ्या लेकीला सीलिएक आहे. गहू, जव म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचं आतलं अस्तर झिजून सपाट होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. आमच्याकडं हे उघडकीला आलं ते हिमोग्लोबिनमुळं. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सगळं झालं, आकडा काही हलेना. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी लिहून दिली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू बंद, जन्मभर. (कुणाच्या घरी शंका असेल तर एक लक्षात ठेवा, तपासणी व्हायच्या आधी गहू सोडू नका. सोडला की रक्तातली खूण उतरत जाते आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो.)

‘थोडं’ म्हणजे किती, तेही सांगते. पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ छापायचं तर किलोमागं २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन हवं, असा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. आपल्या मिसळीबरोबर येणाऱ्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ते ग्रॅमच्या भाषेत असतं. म्हणजे स्लाइस उचलून बाजूला ठेवला तरी ताटलीत पडलेला चुरा हिशेबात धरावा लागतो. हे मिलिग्रॅम मी वेटरला सांगत बसत नाही. ‘ग्लुटेन’ हा शब्दसुद्धा मी हॉटेलात काढत नाही. तो काढला की समोरच्याला वाटतं, बाई डाएटवर आहेत. त्यात त्याची चूक नाही. वजन कमी करायला ‘ग्लुटेन सोडलंय’ म्हणणारे शेवटी दोन जिलब्या उचलतात, हे तो रोज बघतो.

गंमत म्हणजे आपल्या ताटात गव्हाचा मान एवढा जुना नाहीच. माझ्या आज्जीच्या घरी चपाती सणाला नाहीतर पाव्हणे आले की. एरवी जोंधळा. आजरा, चंदगड, गगनबावड्याकडं गेलात तर भात आणि नाचणी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्तर भारतात शंभरामागं सव्वा माणसांना सीलिएक सापडला, तर दक्षिणेत हजारामागं एकाला. गव्हाचं खाणं जास्त तिथं आजार जास्त दिसतो. आपल्याकडं ‘हे काय नवीनच’ असा चेहरा होतो तो त्यामुळंही असेल. पण ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या भाकरी थापली जाते, तिथं या पोरीला बाहेर जेवायला जागा सापडू नये हे मला पटत नाही. आणि जागा सापडते, फक्त भलत्या ठिकाणी शोधून चालत नाही.

मंगळवार पेठेत एक छोटी खानावळ आहे. तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा नेहमीसारखा आधी फोन केला होता आणि गर्दी व्हायच्या आत, बाराच्या आधीच पोचलो. आत भाकरी करणाऱ्या मावशींना विचारलं, ‘भाकरी निव्वळ जोंधळ्याचीच ना?’

‘मग कशाची?’

‘थापायला वरनं कुठलं पीठ घेताय?’

मावशींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि परातीकडं बघितलं. परातीच्या कडेला पिवळसर पीठ चिकटलं होतं. जोंधळ्याचं पीठ एवढं पिवळं नसतं. सकाळी चपात्यांची कणीक त्याच परातीत मळली होती. काही न बोलता त्या उठल्या, परात घासून पुसून आणली, जोंधळ्याच्या पिठाचं पोतं नवीन फोडलं. तवा चांगला तापवला, ओल्या फडक्यानं दोनदा पुसून घेतला. आधणाचं पाणी घालून पीठ मळलं, गोळा परातीत ठेवून थापत थापत हाताबरोबर फिरवला, तव्यावर टाकून वरनं पाण्याचा हात फिरवला. ती पहिली भाकरी लेकीच्या ताटात. आणि मग मला दम: ‘पोरीला बाधतंय व्हय? मग फोनवरच सांगायचं की. आमच्या दिराला हरभऱ्याची डाळ चालत न्हाई, त्येची आमटी मी कायम येगळी करतो.’

बस, एवढंच लागतं. त्या माउलीला ग्लुटेन माहीत नाही, सीलिएक माहीत नाही. कुणाला काहीतरी बाधतं आणि मग ते वेगळं करायचं असतं, हे माहीत आहे.

तांबडा-पांढरा तर आमच्यासाठी देवानंच पाठवलाय. मटणाच्या फोडणीला आपल्याकडं हिंग पडत नाही (हिंगाकडं येतेच). खोबरं, तीळ, खसखस, कांदा-लसूण मसाला, यात गहू कुठंच नाही. फक्त पांढऱ्याला दाटपणा कशानं आणलाय ते विचारायचं, कारण खोबऱ्याचं दूध महाग पडतं आणि पीठ स्वस्त. आणि वाढप्यावर नजर ठेवायची. आपण बोलण्यात असतो आणि कोल्हापुरी आग्रहाचा हात मागून येऊन भातावर चपाती ठेवून जातो. ते ताट मग बदलूनच घ्यावं लागतं. भाताचा वरचा थर काढून भागत नाही.

याउलट अनुभव पुणे रस्त्यावरच्या एका चकाचक हॉटेलचा. मेनूकार्डावर हिरवं पान काढून ‘ग्लुटेन फ्री’ असा वेगळा रकाना. आम्ही हरखलो. आली ती मल्टिग्रेन रोटी. मॅनेजरना बोलावलं तर म्हणाले, ‘मॅडम, मल्टिग्रेन हेल्दीच असते.’ पाच धान्यांतलं पहिलं गहू! पहिला घास घ्यायच्या आधी विचारलं म्हणून निभावलं. तेव्हापासून छापील रकान्यापेक्षा परातीवर माझा विश्वास जास्त. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणं दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती द्यायची आहे. मावशींच्या खानावळीला असला कुठला नियम लागू नाही.

आता हिंग. घरातली हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग शुद्ध नसतोच, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो, आम्ही तोच आणतो. पण हॉटेलातल्या वरणाला, आमटीला, सांबाराला, ताकाच्या मठ्ठ्याला कुठला हिंग पडला हे कोण सांगणार? ‘साधं वरण-भात द्या, त्यात काय असतंय’ म्हणणाऱ्यांना म्हणून मी हात जोडते. मेतकूटही तसंच. आजारी माणसाला मऊ भात-मेतकूट देतात आणि मेतकुटात डाळींबरोबर मूठभर गहू भाजून घातलेला असतो. थालिपिठाच्या भाजणीत गहू, विकतच्या नाचणी बिस्किटांत बऱ्याचदा नाचणीच्या आधी गव्हाचं पीठ किंवा मैदा, चायनीजच्या गाडीवर सोया सॉसमध्ये गहू. भेळेत पुरी, फरसाणात पापडी.

म्हणूनच मी फिरून फिरून उपवासावर येते. उपवासाच्या फोडणीला हिंग चालत नाही. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळं, शेंगदाणे यांत मुळात ग्लुटेन नाही. भांडी वेगळी ठेवायची सवय आधीपासूनच. आमचं पथ्य आणि एकादशीचं पथ्य जवळजवळ एकच आहे! मंगळवारी-शुक्रवारी बाहेर पडायचं असेल तर मी निम्मी निश्चिंत असते. दोन गोष्टी मात्र बघाव्या लागतात. साबुदाणा वडा समोशाच्या कढईत तळलेला नको, आणि राजगिऱ्याचं पीठ गिरणीतून आणलेलं असेल तर त्याच्या आधी दळण कशाचं झालं हा प्रश्न उरतोच. गव्हामागून दळलेल्या कुठल्याही पिठात आधीचं थोडं उतरतं. आमच्या घरी त्यासाठीच घरघंटी आली आणि तिच्यात गव्हाचा दाणा जात नाही.

प्रवासाचं नियोजनही त्या घरघंटीपासूनच सुरू होतं. दोन दिवसांच्या वर जायचं असेल तर जोंधळ्याचं आणि तांदळाचं पीठ, छोटा लोखंडी तवा, उलथणं, आमच्या हिंगाची डबी आणि घरचं भडंग. राहायला स्वयंपाकघर वापरू देणारी जागा बघायची, मग ती चार पैसे महाग पडली तरी चालेल. मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाताना प्रश्न नसतो, रात्रीचा डबा घरून आणि सकाळी उतरायचं. एसटीला मात्र ड्रायव्हर थांबेल तोच ढाबा आपला, तिथं केळी, दही, शेंगदाण्याची चिक्की यावर वेळ निभावते. दुधात भिजवलेल्या जोंधळ्याच्या दशम्या दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतात, हे आज्जीचं ज्ञान आता कामाला येतंय.

कोकणात उतरलं की सुटका झाल्यासारखं वाटतं. तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळी, सोलकढी. पण तळलेला मासा रव्यात घोळवतात! ‘रवा नको, नुसत्या तांदळाच्या पिठात घोळवा आणि तेल ताजं घ्या’ हे ऑर्डर देतानाच सांगायचं. कोंबडी-वड्यातल्या वड्यांच्या पिठातही बऱ्याच घरी गहू असतो, तेव्हा कोंबडीबरोबर भाकरीच. निपाणी-बेळगावकडं इडली, डोसा आहेत. इडली रव्याची नाही ना, एवढं बघायचं आणि सांबार सोडून चटणी घ्यायची. उत्तरेत गव्हाचं राज्य, मक्याच्या रोटीतही लाटायला सोपी जावी म्हणून कणीक घालतात. नवरात्रात गेलात तर तिथली व्रताची थाळी कुट्टू (म्हणजे बकव्हीट) आणि शिंगाड्याची असते, परत उपवासच धावून येतो. परदेशी जाणाऱ्या विमानात ‘जीएफएमएल’ या नावानं आधी जेवण नोंदवता येतं. ते आमच्या वाट्याला अजून आलेलं नाही.

हॉटेलवाल्यांकडं माझं मागणं फार नाही. वेगळा मेनू नको, महागडा पिझ्झा तर नकोच. एक तवा आणि एक परात भाकरीसाठी राखून ठेवा, हिंगाच्या डबीवरचं एकदा वाचा आणि माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या हॉटेलात मी परत जाते. व्रताला जेवढी किंमत आहे तेवढी आजाराला का नसावी? उपवास मोडला तर देव एकवेळ माफ करतो. आतडं करत नाही.

सगळ्यात अवघड हॉटेल नव्हे, नातेवाईक. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा, आणि ‘देवाच्या प्रसादानं काही होत नाही’ हे वाक्य ठरलेलं. लेक द्रोण कपाळाला लावून बाबांकडं देते, तरी दोन काकवांच्या भुवया चढतातच. शेजारच्या वहिनींनी मात्र यंदा पूजेला कुणी न सांगता राजगिऱ्याच्या पिठाचा शिरा वेगळ्या कढईत केला. पोरीनं तीनदा मागून घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत बदामी-हंपी करायचं चाललंय. त्या भागात जोंधळ्याची रोटी देणाऱ्या लिंगायत खानावळी आहेत हे माहीत आहे. कुणी जाऊन जेवलं असेल आणि भाकरीची परात वेगळी असलेली जागा डोळ्यांनी बघितली असेल, तर ती कुठं आहे ते कळवा. ‘तिकडं काय, सगळं मिळतंय’ एवढंच लिहिणार असाल तर राहू दे, ते आमच्या ह्यांनी सांगून झालंय.