नाव नको, गरज लिहा

पुण्यात गेली २२ वर्षे दवाखाना चालवणारा माझा शाळेतला मित्र मागच्या सुट्टीत मला म्हणाला, "स्वमग्न मुलं येतात कधीकधी, पण मोठी माणसं? माझ्याकडे तरी कुणी येत नाही." तो मनापासून बोलत होता. समोर बसलेल्या मित्राला, म्हणजे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मला, वयाच्या ४३व्या वर्षी तिथे ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नता म्हणतात त्या मेंदूच्या जन्मजात वेगळ्या जडणघडणीचे, निदान झाले आहे, हे त्याला तोवर ठाऊक नव्हते. मी ते सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग आमचा दीड तास वाद झाला. आपल्याकडे फॅमिली डॉक्टर पेशंटला नावानिशी ओळखतो, त्यामुळे परदेशातल्यासारख्या कागदांची आणि नियमांची गरज नाही, आणि एखाद्याला रांग सोडून आत घेतले तर बाकीचे पेशंट भांडतील, असा त्याचा मुद्दा होता. त्यातला निम्मा मला पटतो, आणि निम्मा पटतो म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

मराठीत 'स्वमग्न' या शब्दापुढे जवळजवळ नेहमीच 'मूल' येते. मूल मोठे झाले की शब्द जणू आपोआप गळून पडतो. शिवाय स्वतःत मग्न असणे हे वर्णन मला माझ्या बाबतीत साफ चुकीचे वाटते. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात मी स्वतःत मग्न नसतो, उलट ट्यूबलाइटची गुणगुण, टीव्हीवरची जाहिरात, शेजारच्या बाळाचे रडणे आणि सॅनिटायझरचा वास या सगळ्यांत एकाच वेळी बुडालेला असतो. म्हणून मी 'ऑटिस्टिक' हाच शब्द वापरतो.

मोठी माणसे येत नाहीत, या विधानाला एक उत्तर आकड्यांत आहे. डॉक्टर मेरी डोहर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०७ ऑटिस्टिक आणि १५७ बिगर-ऑटिस्टिक प्रौढांची पाहणी करून २०२२ साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. फॅमिली डॉक्टरांकडे जाणे अवघड पडते असे ऑटिस्टिक प्रौढांपैकी ८० टक्क्यांनी सांगितले. इतरांत हे प्रमाण ३७ टक्के होते. अडचणींमध्ये पहिली होती ती डॉक्टरकडे जाण्याइतके हे दुखणे मोठे आहे की नाही हे ठरवण्याची, आणि तिच्या खालोखाल फोनवरून वेळ घेण्याची. म्हणजे पेशंट दाराशी पोहोचण्याआधीच निम्मी लढाई हरलेला असतो, आणि जो पोहोचलाच नाही तो डॉक्टरच्या नजरेला दिसणार कसा?

इंग्लंडमध्ये दवाखान्याला 'सर्जरी' म्हणतात. 'आज सर्जरीला गेलो होतो' असे पहिल्यांदा फोनवर सांगितले तेव्हा आईने लगेच देवाला नवस बोलून टाकला होता. या सर्जरीत वेळ मिळवायची तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, ध्वनिमुद्रित सूचना ऐकत थांबायचे आणि मग अनोळखी आवाजाला आपल्याला काय होते आहे ते एका वाक्यात सांगायचे, अशी पद्धत वर्षानुवर्षे होती. फोनवर बोलणे मला जमत नाही, असे मी एकदा काउंटरवर लिहून दिले. उत्तर मिळाले की, त्यासाठी कृपया फोन करावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सर्जऱ्यांना कामाच्या पूर्ण वेळेत, म्हणजे सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० पर्यंत, ऑनलाइन विनंती स्वीकारणे बंधनकारक झाले आहे. हा बदल ऑटिस्टिक माणसांसाठी केलेला नाही, सगळ्यांच्याच तक्रारीमुळे झाला. तरी माझ्यासाठी गेल्या दहा वर्षांतली सर्वांत उपयोगी सुधारणा हीच आहे.

कायद्यांची इथे वाण नाही. इंग्लंडमध्ये प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींसाठी २००९ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. २०१० च्या समानता कायद्यानुसार सेवा देणाऱ्याने अपंग व्यक्तीसाठी वाजवी फेरबदल करायचे असतात, आणि तेही कुणी मागण्याची वाट न पाहता, आधीच विचार करून. २०२२ च्या आरोग्य कायद्याने कर्मचाऱ्यांना ऑटिझमचे प्रशिक्षण देणे सक्तीचे केले. त्या प्रशिक्षणाला ऑलिव्हर मॅकगोवन या अठरा वर्षांच्या मुलाचे नाव आहे. मनोविकारावरची विशिष्ट प्रकारची औषधे आपल्याला देऊ नयेत असे त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी सांगितलेले असतानाही ती दिली गेली, आणि २०१६ साली तो गेला. इथली व्यवस्था आदर्श आहे असे समजणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हा इतिहास विसरू नये. आजही ऑटिझमच्या तपासणीच्या प्रतीक्षायादीत इंग्लंडमध्ये दोन लाखांहून अधिक माणसे आहेत.

आता मित्राच्या बाजूचा निम्मा भाग. दोन वर्षांपूर्वी पोटात दुखू लागले तेव्हा इथल्या डॉक्टरांनी मला विचारले की, दहापैकी किती दुखते आहे. दहा म्हणजे नेमके काय हे कळल्याशिवाय मला आकडा सांगता येईना, आणि माझा चेहरा व आवाज नेहमीसारखाच सपाट असल्यामुळे, फार दुखत नसावे असा त्यांनी समज करून घेतला. काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन मी पुण्यातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी विचारले, "ठणकतंय, की कळा येतात? एका जागी सलतं, की चमक मारून जातं?" चार पर्याय समोर आले आणि मला उत्तर लगेच देता आले. 'काय होतंय' या मोकळ्या प्रश्नापुढे माझ्यासारखा माणूस गोठतो. निवडायला दिले तर तो अचूक निवडतो. मराठीत दुखण्याला इतके शब्द आहेत ही आपल्या डॉक्टरांच्या हातातली आयती सोय आहे, आणि तीस वर्षे तोच डॉक्टर असणे ही दुसरी. इथे बहुतेक वेळा दहा मिनिटांची भेट मिळते आणि दर वेळी समोर नवा चेहरा असतो, ज्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. आपल्याकडे डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवता येतात, हेही कमी नाही.

पण त्याच ओळखीची दुसरी बाजू मी मित्रापुढे मांडली तेव्हा तो चिडला. आपल्या दवाखान्यात पेशंट बोलण्याआधी सोबत आलेला नातेवाईक बोलतो, आणि चाळिशीच्या माणसाबद्दलही 'हा असाच आहे लहानपणापासून, लाजाळू' असे ऐकवून टाकतो. दार अर्धे उघडे असते, पुढचे दोन नंबर आत येऊन बसलेले असतात, आणि डॉक्टर सगळ्यांना ओळखत असल्यामुळे सगळे एकमेकांनाही ओळखत असतात. अशा खोलीत कंपाउंडरला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र दाखवून 'मी ऑटिस्टिक आहे' असे कोण म्हणेल? घरात लग्नाची बहीण असेल, तर घरचेच म्हणू देणार नाहीत.

कायदा आपल्याकडेही आहे, हे मित्राला माहीत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही इथे आल्यावरच कळले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे, आणि त्याच्या २५व्या कलमात सरकारीच नव्हे तर खासगी रुग्णालयांमध्येही अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणीत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. तेव्हा रांगेत भांडण होईल ही मित्राची भीती खरी असली, तरी एखाद्याला रांग सोडून आत घेतले तर कायदा त्याच्याच बाजूने उभा आहे. अडचण आहे ती व्यवहारात प्रमाणपत्रापासून सुरुवात करावी लागते ही. ज्याचे निदानच झालेले नाही, किंवा झाले असून ज्याला ते चारचौघांत मांडायचे नाही, त्याच्या हाती प्रमाणपत्र येणार कुठून?

म्हणून इंग्लंडमधून काही उचलायचेच असेल, तर २०१६ सालापासून इथल्या आरोग्यसेवेला लागू असलेला एक नियम मला उचलण्याजोगा वाटतो. अपंगत्वामुळे माहिती मिळवण्यात वा बोलण्यात अडचण येणाऱ्या पेशंटची गरज विचारायची, नोंदवायची, उठून दिसेल अशी ठेवायची, पुढच्या डॉक्टरला कळवायची आणि पुरी करायची, असा तो नियम आहे. आणि नोंद करायची ती गरजेची, रोगाच्या नावाची नव्हे. माझ्या नोंदीत लिहिले आहे: दिवसातली पहिली वेळ द्यावी, फोन करू नये, मेसेज करावा, हात लावण्याआधी सांगावे, औषध कसे घ्यायचे ते लिहून द्यावे. ही नोंद झाल्यापासून मला काउंटरवर काही समजावत बसावे लागत नाही. ती न वाचताच मला आत बोलावणारे डॉक्टरही भेटले आहेत. तेव्हा मी त्यांच्या संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवतो.

मित्राला हे काही फारसे पटलेले दिसले नाही. पण गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. त्याच्याकडे एक तिशीतले गृहस्थ येतात, नंबर लावून बाहेर पायरीवर उभे राहतात आणि पुष्कळदा नंबर येण्याआधीच निघून जातात. 'त्यांच्या केस पेपरवर ऑटिझम लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकू का?' असे त्याने विचारले होते. मी लिहिले: ते टाकू नकोस. 'बाहेर थांबतात, नंबर आला की मेसेज करावा,' एवढेच लिही, आणि कंपाउंडरला ते वाचायला सांग.